लॅपटॉपमधला हेर

"सापडला का हेर?" बुवांनी विचारलं.

"सापडणारच!" विश्वंभर म्हणाला. मठात येण्याआधी तो शहरात कॉम्प्युटर शिकला होता आणि अक्कल पाजळायची संधी कधी सोडत नसे. "माझ्या अँटी-स्पायवेअरने, म्हणजे हेर पकडणाऱ्या प्रोग्रामने, धरलाच त्याला. मालनताई दाबतात ते प्रत्येक अक्षर कुणीतरी वाचतंय."

कुणीतरी म्हणजे कोण, हे मालनला ठाऊक होतं. बुवांची प्रवचनं टाइप करायला ती गेली दोन वर्षं रोज आपला लॅपटॉप घेऊन मठात येई. सहाला नवरा न्यायला येई. त्याच लॅपटॉपवर बहिणीला लिहिलेलं पत्र काल त्याने तिला घडाघडा म्हणून दाखवलं होतं. म्हणताना तो हसत होता.

"मागच्या महिन्यात तुझ्या त्या अँटीला काही दिसलं नव्हतं," बुवा म्हणाले.

"तेव्हा त्याच्या यादीत हा हेर नव्हता, बुवा. यादीतलेच त्याला ओळखता येतात."

"अन् हेर ठेवणारा?"

"तो... नाही ओळखता येत."

"बरं."

"पण हेराला काढून तर टाकतं! एक घाव, दोन तुकडे." विश्वंभरने बटणाकडे बोट नेलं.

बुवांनी त्याचं मनगट धरलं.

"काढलास की तिकडे हेर ठेवणाऱ्याला काय दिसेल?"

"काहीच नाही. सगळं बंद..."

विश्वंभर बोलता बोलता थांबला. मालनच्या नवऱ्याचं दुकान मठापासून दहा मिनिटांवर होतं.

मालन भिंतीला टेकून उभी होती. तिचे ओठ पांढरे पडले होते.

बुवांनी कागदाच्या चिठोऱ्यावर पेन्सिलीने एका गावाचं नाव लिहिलं आणि तिच्या हातात दिलं. "तिथे आपली माणसं आहेत. तीनची गाडी मिळेल. फोन इथेच राहू दे. मागच्या दाराने जा, पोरी."

ती गेली.

"आता तू बस," बुवा विश्वंभरला म्हणाले. "कालचं प्रवचन पुढे टाइप कर. सावकाश, तिच्यासारखं. मधूनमधून चूक, मग खोड."

दोन ओळी झाल्या. तिसरी सुरू झाली. त्याने एक अक्षर खोडलं. ते खोडलेलंही तिकडे दिसलं असणार. मानेमागे कुणी उभं आहे असं त्याला वाटलं... वळून पाहायचा धीर होईना.

"बुवा, असं किती वेळ बसायचं?"

"ती दोन वर्षं बसली. तू सहापर्यंत बस."