हौसाची धोंड

खैरमाळच्या टेकडीवर चढून आलेल्या पाहुण्यांना सदूतात्या गुरव आधी पाण्याच्या बाटल्या पिशवीत ठेवायला लावतात, मगच धोंड दाखवतात. हत्तीएवढी धोंड, मधोमध उभी चिरलेली. अर्धी पुढे झुकून काठावर उभी आहे, अर्धी खाली उतारावर पालथी. काप इतका सरळ, की सुरीने खरवस कापावा. कापाच्या वरच्या कडेला चौकोनी खाचांची रांग. हे कुणी केलं, असं बघणारा विचारतोच. तात्या म्हणतात, "मानसानंच केलं. सगळंच देवाच्या नावावर कशाला खपवायचं?"

असं सांगतात, की फार पूर्वी गावची बारव बांधायची होती तेव्हा सटवा नावाचा पाथरवट बायकोला घेऊन इथे आला. बायकोचं नाव हौसा. लग्नाला बरीच वर्षं झाली होती, पण मूल नव्हतं. जिथे मुक्काम पडेल तिथल्या देवाला हौसा नवस बोलायची. सटवा काही म्हणत नसे. माणूस मुळातच घुमा. बायकोशी बोलणं 'अगं'ने सुरू व्हायचं आणि बहुधा तिथेच संपायचं. चारचौघांत बायकोला नावाने हाक मारणारा त्या काळी बाईलवेडा ठरायचा म्हणे.

पाटलांनी सांगितलं, टेकडीवरचा हवा तो दगड घे. सटव्याला ही धोंड आवडली. तिला ना शेंदूर होता ना निशाण. गाव हिला देव मानतं, हे परक्या माणसाला कसं कळावं? त्याने माथ्यावर ओळीने खाचा पाडल्या आणि त्यांत वाळक्या बाभळीच्या पाचरी ठोकल्या. पाथरवटांची ही जुनी रीत. पाचरीवर पाणी ओतलं की लाकूड फुगतं, आणि घणाला दाद न देणारा दगड आपसूक चिरतो. पाणी ओतताना खाली माणूस मात्र नको. म्हणून, ते उद्या बघू असं ठरवून, सटव्याने रात्रीचं दव लागू नये यासाठी पाचरींवर माती लोटली. दुसऱ्या दिवशी सकाळी तो छिन्न्यांना धार लावून घ्यायला शेजारच्या गावी लोहाराकडे गेला.

भाता फुंकता फुंकता लोहार म्हणाला, "आज तुमच्या खैरमाळला धोंडीची आंघोळ न्हवं? मग तू हितं कसा?"

"कसली आंघोळ?"

"चैताची. गडी वरनं घागरी वततात. जिला प्वार न्हाई ती खाली पदर पसरून बसती. पानी गळायचं थांबस्तवर उठायचं न्हाई. उठली की नवस मोडला."

सटवा ताडकन उठला. छिन्न्या तिथेच टाकून तो पळत सुटला. सकाळी हौसाने ठेवणीतलं लुगडं बाहेर काढलं होतं, आणि कशाला काढलंस, एवढंही त्याने विचारलं नव्हतं. पाणी कधीपासून ओतत असतील? बाभूळ सावकाश फुगते, असं तो मनाला बजावत होता. पण लाकूड त्यानेच पारखून घेतलेलं, त्यानेच उन्हात खडखडीत वाळवलेलं. आपलं काम चोख असल्याची त्या माणसाला जन्मात पहिल्यांदाच भीती वाटली.

तो पोचला तेव्हा हलगी वाजत होती. मागच्या चढावरून गडी घागरीवर घागर रिती करत होते. पाचरींवरची माती कधीच वाहून गेली होती. धोंडीखाली बायका ओळीने बसलेल्या, आणि मधोमध हौसा, डोळे मिटून.

"पानी थांबवा! धोंड फुटतीय!" तो उतारावरून ओरडला.

हलगी थांबली. सगळे त्या परक्याकडे बघत राहिले, आणि त्या शांततेत दगडातून आवाज आला. बारीक करकर, नव्या वहाणा करकरतात तशी. बायका किंचाळत उठल्या आणि वाट फुटेल तिकडे पळाल्या. हौसा उठली नाही.

"पानी गळतंय अजून," ती डोळे न उघडता म्हणाली. "आत्ता उठले तर सगळं गेलं. तुमी जावा."

"अगं, ऊठ. अगं!"

ती हलली नाही. पुन्हा करकर झाली आणि दगडाची कच तिच्या पदरात पडली. चढ चढून तिच्यापर्यंत पोचायला आता वेळ नव्हता. तेव्हा म्हणे सटवा साऱ्या गावासमोर गळा फाडून ओरडला, "हौसा! मला प्वार नको. मला तू पायजेस!"

तिने डोळे उघडले. एवढ्या वर्षांत नवऱ्याच्या तोंडून तिने आपलं नाव ऐकलं नव्हतं. ती उठली, पदरातलं पाणी सांडलं, आणि ती त्याच्याकडे धावली. तिच्या मागे अर्धी धोंड, ती बसली होती त्या जागेवरून, उतारावर कोसळली.

पुढे त्यांना मूल झालं का, हे पाहुणे हमखास विचारतात. काही जण झालं म्हणतात. तात्या म्हणतात, नाही झालं. दोघं इथेच राहिली, इथेच म्हातारी झाली.

आजही चैत्रात या धोंडीला पाणी घालत नाहीत, कोरडा भंडारा उधळतात. मूल मागायला आलेली बाई उरलेल्या अर्ध्या धोंडीखाली पदर पसरून बसते, आणि नवरा समोर उभा राहतो. त्याने साऱ्यांदेखत तिचं नाव घेऊन सटव्याचे शब्द म्हणायचे, मगच तिने उठायचं, अशी रीत आहे. कुणी चटकन म्हणून टाकतो. कुणाच्या तोंडून मात्र शब्दच फुटत नाही. आई शेजारी उभी असते, भाऊबंद बघत असतात. वर धोंड झुकलेली, खाली बाई बसलेली, आणि गावाचा जीव टांगणीला. मागच्या वर्षी एक बाई उन्हं कलेपर्यंत बसून होती. शेवटी ती आपली आपणच उठली, पदर झटकला, आणि नवऱ्याच्या शेजारून एकटीच टेकडी उतरून गेली.