चिंचेखालचा थांबा

एकदा एक तरुण आपल्या गुरूकडे ट्रकची किल्ली मागायला आला. गुरू म्हणजे कुणी मठाधिपती नव्हेत बरं का. आयुष्यभर ट्रक चालवून केस पांढरे केलेले एक वृद्ध गृहस्थ. सारे गाव त्यांना बापू म्हणे. घरात बापू आणि त्यांची बायको, म्हणजे काकू, दोघेच; मूलबाळ नव्हते. होता तो एक जुना ट्रक, आणि तो त्यांनी आजवर कुणाच्या हाती दिला नव्हता. तरुणाचे नाव संपत. मालवाहतुकीचा धंदा सुरू करावा हा त्याचा ध्यास. पण नवी गाडी घेण्याची ऐपत नव्हती. बापू नाही म्हणाले असते, तर सारे तिथेच संपले असते.

संपत मॅरेथॉन धावणारा. धंद्याची तयारीही त्याने धावण्याच्या सरावासारखीच केली होती. वर्षभर बापूंच्या शेजारी बसून आधी जवळच्या खेपा केल्या, मग लांबच्या. इंजिन समजून घेतले, घाट समजून घेतला, माल रचायला शिकला.

"बापू, आता फक्त पळायचं राहिलंय," तो म्हणाला. "आणि एकदा निघालो की शेवटापर्यंत थांबायचं नाही, हा आपला नेम."

बापू मिशीतल्या मिशीत हसले. "बरं. उद्या शेंगांची पोती घाटापलीकडं न्यायचीत. गाडी तू चालव. मी नुसता बसतो."

सकाळी संपतने पोती रचली, वर ताडपत्री घातली आणि दोर असा आवळला की आत बोट शिरेना. गाडी निघाली. गाव मागे पडते न पडते तोच बापू म्हणाले, "त्या चिंचेखाली थांबव."

"आं? काय झालं?"

"काही नाही. थांबव."

संपतच्या कपाळाला आठ्या पडल्या. मागून आलेला एक ट्रकवाला हॉर्न वाजवत पुढे गेला आणि जाता जाता ओरडला, "काय बापू, एवढ्यातच दमली का म्हातारी?" आता तुम्हीच सांगा, नव्या उमेदीच्या माणसाला हे कसे रुचावे? मलाही रुचले नसते.

"उतर, आणि दोर बघ," बापू म्हणाले.

"तुमच्या डोळ्यांदेखत आवळलाय की!" संपत धुसफुसत उतरला. दोराला हात लावला. सकाळी जिथे बोट शिरत नव्हते, तिथे आता अख्खा पंजा जात होता. पुढे घाटाची वळणे होती. एखाद्या वळणावर पोती एका अंगाला कलंडली असती, तर गाडी दरीत जायला कितीसा वेळ लागला असता?

त्याचा चेहरा उतरला. "चुकलो, बापू. मला साधा दोर बांधता येत नाही. किल्ली मागायची माझी लायकी नाही."

बापू सावकाश खाली उतरले आणि त्याच्या पाठीवर हात ठेवला. "अरे वेड्या, तू चोखच बांधला होतास. पण गाडी रस्त्याला लागली की पहिल्या हादऱ्यांनी पोती खाली बसतात आणि दोर सैल पडतो. अंगणात कितीही जोर लाव, हे काही टळत नाही. मागच्या शर्यतीत तू लंगडत परतलास, आठवतं?"

संपतने मान खाली घातली. "सुरुवातीलाच बुटात खडा गेला होता. थांबलो तर वेळ जाईल म्हणून तसाच पळालो. टाच सोलून निघाली, शर्यत अर्ध्यात सोडावी लागली."

"मग तयारी कमी पडली होती का तुझी? वर्षभर घाम गाळला होतास की! लेका, तयारी घरी होते, पण ती कुठं सैल पडते ते रस्त्यावरच कळतं. धंद्याचंही असंच आहे. ज्याला सुरुवातीला थांबायची लाज वाटते, त्याला पुढं घाट थांबवतो."

संपतने दोर पुन्हा आवळला. खेप सुखरूप झाली. परतल्यावर बापूंनी किल्ली त्याच्या हातात ठेवली. त्यांचे डोळे पाणावले होते, आणि ते त्यांनी लपवलेही नाहीत.

पुढच्या आठवड्यात संपत पहिल्यांदा एकटा निघाला. निरोप द्यायला बापू अंगणात नव्हतेच. "पहाटेच कुठं बाई निघून गेले," असे काकू म्हणाल्या. संपतला वाईट वाटले. ज्यांचा निरोप घ्यायला थांबलो असतो, तेच नाहीत, असे मनाशी म्हणत त्याने गाडी काढली.

चिंचेपाशी मात्र तो थांबला. उतरून दोराला हात घालणार, तोच झाडामागे कुणीतरी खोकले. बुंध्याला टेकून, काठी मांडीवर घेऊन बापू बसले होते.

"बापू! मी थांबतो की नाही ते बघायला आलात होय?"

"छे रे! तू थांबणार हे ठाऊकच होतं." बापूंनी नजर दुसरीकडे वळवली. "गाडी तुझ्या हाती दिली त्या दिवशी मन घट्ट बांधलं होतं बघ. आज पहाटे उठलो, तर सगळं सैल. म्हटलं, चला चिंचेपाशी."

संपतने दोराचे एक टोक धरले, दुसरे बापूंच्या हाती दिले, आणि दोघांनी मिळून तो आवळला.

आपणही काही नवे आरंभले असेल, तर गावाबाहेरच्या चिंचेखाली एकदा उतरून पाहावे.