पाटीचं तीर्थ

"कुंभारवाड्यामागची मातीची खाण आजपासून सरकारजमा!" लेखपाल भूतिदासाने भर दरबारात हातातली मातीची पाटी खड्या आवाजात वाचली आणि सारजा कुंभारीण राजापुढे आली. माती गेली की चाक थांबणार, आणि चाकापाठोपाठ चूल!

तुंगसेन राजाचा कारभार असल्या पाट्यांवर चाले. ओल्या मातीवर कोरायचं, भट्टीत भाजायचं, दप्तरात रचायचं. पाट्यांचे ढीग छताला टेकले होते. अकलेचा मात्र कुठे पत्ता नव्हता!

"महाराज, खाण आजोबांपासून आमची आहे," सारजा म्हणाली. "लेखपालांना फुकट रांजण दिले नाहीत, म्हणून हा खोटा लेख!"

राजा उसळला. "माझ्या दप्तरातलं अक्षर ब्रह्मदेवालाही पुसता येत नाही! तू पूस बघू, हात न लावता, न फोडता, न खरवडता! पुसलंस तर खाण तुझी. नाहीतर चाकही जप्त!"

दरबार खिदळला. भूतिदास तर पोट धरून हसला.

सारजाने हात जोडले. "एवढं पवित्र अक्षर! मग त्याला देवासारखं स्नान घाला, महाराज, तुमच्याच हातांनी. मी आपली तीर्थ घेते."

राजा खूश! स्तुती कसली आहे हे बघायची त्याला सवयच नव्हती. "आणा रे घंगाळ!"

भूतिदासाचं हसू विरलं. "नको, महाराज! आज... आज मुहूर्त नाही!"

"भाजलेल्या पाटीला पाण्याचं कसलं भय?" हट्टी राजाने पाटी पाण्यात बुडवली. पुरोहिताने लांबलचक स्तोत्र म्हटलं. ते संपल्यावर राजाने आत हात घातला, तर नुसता चिखल!

"काय केलंस हे?" तो ओरडला.

"मी? मी तर हातही लावला नाही! दप्तराच्या भट्टीत मांजर व्यायली आहे, महाराज! पेटत्या भट्टीत कुठली मांजर विते? सरकारी जळण लेखपालांच्या अंगणात उतरतं आणि पाट्या न भाजता नुसत्या उन्हात वाळतात. असलं दप्तर पुसायला ब्रह्मदेव कशाला? पावसाची एक सर पुरे!"

राजाने चिखलाने माखलेले हात पाहिले, दाराकडे सरकणारा भूतिदास पाहिला, आणि मुकुट घसरेपर्यंत तो हसला.

"खाण तुझी! दप्तराची भट्टीही आजपासून तुझ्याकडे, सरकारी पगारावर. भूतिदास जळण वाहील. जा, आत्ताच पेटव!"

"पेटवीन, महाराज," सारजा म्हणाली, "पण आधी पिल्लांना डोळे उघडू द्या. दरबाराचे तर आज उघडले!"