भिंतीला मारलेले टाचे

एकदा एका गावाच्या वेशीबाहेर राहणाऱ्या वृद्ध वैद्यांकडे एक तरुण शिष्य विद्या शिकत होता. मुळ्या ओळखण्यात आणि काढे उकळण्यात त्याचा हात धरणारे कोणी नव्हते. त्याच हाताला मात्र एक खोड होती. चेहऱ्यावर मुरूम उठला की हात आपोआप तिकडे जाई आणि नखाने तो फोडून टाकी. मुरूम जाई, जागेवर खड्डा राही. दोन्ही गाल अशा खड्ड्यांनी भरून गेले होते.

एके दिवशी गुडघ्याचे औषध न्यायला आलेली कौसाबाई त्याला सर्वांदेखत म्हणाली, "अरे बाबा, आधी तुझं तोंड बरं कर, मग माझ्या गुडघ्याला हात लाव!"

ओसरीवरचे सगळे हसले. त्यानंतर शिष्य रोग्यांसमोर येईनासा झाला. आतल्या खोलीत औषधे कुटत बसू लागला. पुढे बाजारातल्या एका व्यापाऱ्याने त्याच्या हातात लेपाची डबी ठेवली. "जुनी कातडी सोलून निघते, खाली नवी कोरी! आग होते, पण सोसायची."

शिष्य डबी घेऊन गुरूंपुढे उभा राहिला. "गुरुजी, हा लेप लावून पाहतो. याने गुण आला नाही तर मी वैद्यकी सोडतो. असल्या चेहऱ्याच्या वैद्यावर कोण विश्वास ठेवणार?"

वैद्यांनी झाकण उघडून वास घेतला, कपाळाला आठी घातली आणि डबी कोनाड्यात ठेवली. "आधी ओसरीची भिंत लिंपून दे. मग डबीचं बघू."

शिष्याने माती आणि भुसा कालवून भिंत लिंपली. लिंपण ओले असतानाच त्यावर बारीक फुगे आले. त्याला राहवेना. एकेक फुगा तो नखाने टोचत गेला. समोर सुपारी कातरत बसलेले वैद्य नुसते पाहत होते.

भिंत वाळली तेव्हा तिच्यावर खळगेच खळगे होते. फक्त वर, आढ्याजवळ, जिथे शिडीवरून उतरल्यावर त्याचा हात पोहोचला नव्हता, तिथले फुगे आपोआप बसले होते. ओशाळून त्याने खळग्यांत ओली माती दाबली. ती वाळली आणि तिचे पापुद्रे गळून पडले.

तेव्हा वैद्य उठले. खिळा आणि हातोडी घेऊन ते प्रत्येक खळग्यात बारीक टाचे मारू लागले.

"गुरुजी, अहो, आधीच भिंतीची चाळण झालीय! त्यात आणखी भोकं?"

"गुळगुळीत खळग्याला नवी माती धरत नाही. पाणी शिंपड. आता पातळ थर दे. वाळू दे. मग दुसरा. आणि ते गोणपाट बांध वर, उन्हाने तडकेल."

काम पुष्कळ दिवस चालले. संपल्यावर वैद्यांनी शिष्याला शेजारी बसवून घेतले.

"फुगा आपण होऊन बसला असता. खळगा तुझ्या नखाने पडला. चेहऱ्याचंही तेच. म्हणून पहिलं काम, हात खाली. दुसरं, नवे मुरूम शांत करायचे. त्याचं औषध आजपासून. तोवर खड्ड्यांना शिवायचं नाही. मुरमांचे लाल डाग पुष्कळसे काळाने फिकटतात, उन्हापासून तेवढं जप. खड्डे मात्र नुसत्या लेपाने बुजत नाहीत. मग जाणत्या हाताने तिथे सुईने बारीक टाचे मारायचे, म्हणजे कातडी आतून स्वतःला भरते. थोडी थोडी, थांबून थांबून. ती डबी म्हणजे पहार आहे रे. पहारीने भिंत लिंपतात का?"

"सगळे खड्डे जातील, गुरुजी?"

"नाही. उथळ होतील."

शिष्याने भिंतीच्या भरलेल्या खळग्यांवरून हात फिरवला. मग त्याने कोनाड्यातली डबी काढली, परसात खोल खड्डा खणला आणि तिथे पुरून टाकली. परत आला तो आतल्या खोलीत गेला नाही. आपला खल उचलून त्याने ओसरीवर, रोग्यांसमोर मांडला. हात गालाकडे जाऊ लागला की तो बत्ता घट्ट धरी.

वर्ष उलटले. कौसाबाई आपल्या नातीला घेऊन आली. मुलगी मान खाली घालून हनुवटीवरचा मुरूम चिमटीत धरत होती.

"हात खाली, बाळ," शिष्य म्हणाला.

कौसाबाईने त्याचा चेहरा जवळून न्याहाळला. "तुझे खड्डे तर अजून दिसतात की रे!"

"दिसतात, मावशी. थोडे राहणारच," तो शांतपणे म्हणाला. "म्हणूनच हिला पडू देणार नाही."

कौसाबाई या वेळी हसली नाही. तिने नातीला पुढे सरकवले. मुलीने हात खाली घेऊन मांडीवर ठेवला.