टिपक्याची हाक

मेंढ्या आपसात माणसांसारख्या बोलत, त्या काळातली ही गोष्ट. एका माळावर रोज संध्याकाळी कळप चरून परतला की कुंपणातली कोकरं हाका मारायची आणि धावत आपापल्या आईला बिलगायची.

टिपक्या नावाच्या कोकराची आई डोंगरावर चरायला गेली, ती परत आलीच नाही. तेव्हापासून भुरी मेंढी त्याला आपलं दूध पाजत होती. संध्याकाळी ती त्याच्यासमोर येऊन उभी राहायची, पण टिपक्या आधी डोंगराकडे तोंड करून ओरडायचा, "आईऽऽ!"

"दूध भुरीचं आणि हाक भलतीलाच!" म्हातारा एडका खेकसला. "गप्प बस बघू!"

टिपक्या गप्प बसला. त्या संध्याकाळी तो दूधही प्यायला नाही, सकाळीही नाही. भुरीचा जीव खालीवर झाला.

दुसऱ्या संध्याकाळी ती म्हणाली, "चल, तुझ्या आईला आपण दोघं हाक मारू." आणि डोंगराकडे वळून ती अशी काही ओरडली की बाभळीवरचे बगळे उडाले.

टिपक्याला हसू फुटलं. "मावशी, किती बेसूर ओरडतेस गं!"

"मग तू शिकव की!"

दोघं मिळून ओरडली. मग बाकीची कोकरंही ओरडायला लागली आणि माळावर नुसता दंगा उसळला.

"आलं का उत्तर?" एडक्याने हळूच विचारलं.

"नाही," भुरीच्या पोटाखाली शिरत टिपक्या म्हणाला. त्याची शेपटी गरागरा फिरत होती. "पण आजोबा, भूक केवढी लागलीये!"