तगरीची तीन सोंगं

एका राज्यात राजा नदीवर बांध घाली आणि नदी तो फोडी. चौथा बांध उभा राहिला, तेव्हा पाण्यातून जोगीण वर आली. म्हणाली, "पाणमांजर, कासव, मासा. तिघांची वाट मोकळी होईपर्यंत बांधणारा दगड होत जाईल."

बांधणारा विसाजी बांधावर उभा होता. त्याचे पाय तिथेच दगड झाले.

त्याची नवी नवरी तगरी ही बहुरूप्याची लेक. त्या तिघांची सोंगं घ्यायला तिनं पदर खोचला.

"सोंगं काढून सुटणार का माझा मुलगा?" सासू कडाडली.

"दुसरं काही येत नाही मला, आत्याबाई."

काठावरचा खंड्या पक्षी बोलला, "सोंग अर्धवट सोडलंस, तर तूही दगड."

तगरीनं मिशा चिकटवल्या, पाणमांजरासारख्या उड्या मारल्या. गवंडी हसले. विसाजी कमरेपर्यंत दगड झाला.

"हे माणसांना दिसतं ते पाणमांजर," खंड्या म्हणाला. "पाणमांजराला काय दिसतं?"

तगरीनं मिशा उपटल्या. ओल्या अंगानं बांधाला भिडली. नखं घसरली. पुन्हा घसरली. बोटं रक्ताळली.

विसाजी बघत होता. "गिलावा खरवडा," तो म्हणाला. "खडबडीत दगड लावा."

मग ती कासव झाली. पोटावर सरपटत काठाशी आली, घडीव फरशी उकरत राहिली. अंडी पुरायला जागाच नव्हती.

"फरशी काढा. वाळू पसरा," विसाजी म्हणाला.

दगड त्याच्या छातीवर चढला. तगरीनं श्वास भरला आणि मासा होऊन पाण्यात बुडी मारली.

बराच वेळ ती वर आली नाही.

"तगरी!" विसाजी ओरडला. "पुरे झालं, वर ये!"

सोंगात असताना आपल्या नावाला ओ द्यायची नाही, ही बहुरूप्यांची रीत. दगड गळ्याशी आला. मग बांधाच्या मधोमध, खालून, डोकं आपटल्याचा आवाज आला. धप्. धप्.

"तिथेच फोडा! पायऱ्यांसारखी उतरती डबकी करा!"

"पाणी वाहून जाईल," राजा म्हणाला.

"थोडं जाऊ द्या, महाराज. नाहीतर बांधच जाईल."

राजानं मान डोलावली. गवंड्यांनी तिथला दगड काढून डबकी रचली. पाणी डबक्या-डबक्यांतून उतरलं, त्यातून एक मासा वर चढला आणि त्याच्यामागून धापा टाकत तगरी निघाली. विसाजीच्या अंगावरचा दगड टवके उडून गळून पडला.

"किती हाका मारल्या! ऐकू नाही आल्या?"

"आल्या," कपाळाचं टेंगूळ चोळत ती म्हणाली. "पण तुम्ही तगरीला बोलावत होता. ती तिथे नव्हती."

सासूनं हळद उगाळायला घेतली. नदी वाहत राहिली, बांध उभा राहिला आणि त्या राज्यात पुढे कुठलाही पाया खणायचा, तर आधी बहुरूप्याला बोलावणं जाई.