काटे वाजण्याआधी

प्राणी शाळेत जात, तेव्हाची ही गोष्ट. टेकडीखालच्या वडाच्या सावलीत साळूबाई नावाची साळिंदर पिल्लांना शिकवत असे. एका उन्हाळ्यात पलीकडच्या रानात वणवा लागला. त्यातून ठिपकी नावाचं हरणाचं पाडस तेवढं वाचलं आणि या शाळेत आलं.

पण ठिपकीचं चित्त थाऱ्यावर नसे. कान सदा टवकारलेले, खुरांनी माती उकरणं चालूच. मध्येच ती उठे आणि सैरावैरा पळत सुटे. एकदा तिच्या धडकेनं सशाचं पिल्लू कोलमडलं.

"बाई, हिला घरी पाठवा," ते कळवळून म्हणालं.

ठिपकीला घर उरलं नव्हतं. तिनं मान खाली घातली. साळूबाईच्या ओठांवर आलेलं रागाचं बोलणं तिथंच विरलं.

"बाळ, पळतेस तेव्हा तुला काय होतं गं?"

"तुम्ही वळलात की तुमचे काटे वाजतात," ठिपकी कशीबशी म्हणाली. "मला वाटतं, गवत पेटलं."

मग साळूबाईनं ठिपकीला कडेला, पायवाट दिसेल अशी जागा दिली.

दुसऱ्या दिवशी नदीची गोष्ट सांगता सांगता ती थांबली. "मुलांनो, आता मी वळतेय. काटे वाजतील."

काटे वाजले. ठिपकी ताडकन उठून पायवाटेपर्यंत धावली. तिथं मात्र तिनं मागं वळून पाहिलं. कुणीच हसत नव्हतं. साळूबाई गोष्ट थांबवून तिची वाट पाहत होती.

तिथूनच ठिपकीनं विचारलं, "बाई, मग नदी कुठं गेली?"